कायओएस: सात मिनिटांच्या भाषणाच्या नोंदी

५ जानेवारी २०२६, सोमवार

संभाषण कौशल्याच्या तासाला मॅडमनी या सत्राचा प्रकल्प सांगितला. प्रत्येकाने सात मिनिटांचं माहितीपर भाषण द्यायचं, त्यानंतर दोन मिनिटं प्रश्न. आमचा वर्ग बीसीएचा, म्हणून विषयही त्याला धरून दिला: फारसा माहीत नसलेला एखादा स्मार्टफोन प्लॅटफॉर्म. अँड्रॉइड आणि आयफोन सोडून काहीही घ्या म्हणाल्या. भाषणासोबत तारीखवार नोंदवही द्यायची आहे. माझी पाळी २७ तारखेला.

मॅडमचं एक वाक्य वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं: "माहिती द्यायची आहे, माल विकायचा नाही."

७ जानेवारी, बुधवार

लायब्ररीत दोन तास बसले. पहिल्यांदा सेलफिश ही फोनची प्रणाली डोक्यात होती. नोकियाने मीगो ही आपली फोन प्रणाली बंद केल्यावर तिथून बाहेर पडलेल्या काही जणांनी फिनलंडमध्ये योला नावाची कंपनी काढली, २०१३ च्या शेवटी त्यांचा पहिला फोन आला. गोष्ट चांगली आहे. पण तो फोन मी कधी हातात घेतलेला नाही आणि सोलापुरात कुणाकडे असेल असं वाटत नाही. भाषणात सगळं वाचीव येईल. उबुंटू टच या दुसऱ्या प्रणालीचंही तेच.

संध्याकाळी घरी आले तर आजी नेहमीसारखी ओट्यावर बसून फोनवर भजनं ऐकत होती. तिचा जिओफोन. मेमरी कार्डात मोबाइलच्या दुकानातून भजनं भरून आणलेली आहेत. "काय शोधायलीस गं सारखं त्या कॉम्प्युटरात?" तिने विचारलं. सांगता सांगता माझं लक्ष तिच्या हातातल्या फोनकडे गेलं. यात अँड्रॉइड नाही, मग आहे काय?

तिच्याकडून फोन मागून घेतला. सेटिंग्जमध्ये बाणाने आत आत जात शेवटी माहितीचं पान सापडलं. तिथे नाव होतं: कायओएस २.५. ओएस म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली.

आमच्या घरात हा फोन कित्येक वर्षं आहे. मी त्यावर आजीला नंबर साठवून दिलेत, आवाज कमी-जास्त करून दिलाय, बॅटरी काढून परत घातली आहे. हे नाव मात्र आज पहिल्यांदा वाचलं. विषय ठरला.

८ जानेवारी, गुरुवार

मैत्रिणीला सांगितलं, "मी कायओएस घेतलंय." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "हो, तेच." तिला कळायला पाच वेळा सांगावं लागलं. भाषणाची सुरुवात इथेच मिळाली, असं वाटतं.

तिने एक बरोबर हरकत घेतली: बटणांचा फोन, त्याला स्मार्टफोन कसं म्हणायचं? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तूच ठरव आणि कारण सांग." माझं कारण असं: यात ब्राउझर आहे, वायफाय आहे, ४जी आहे, ॲप उतरवायचं दुकान आहे आणि बाहेरचा कुणीही त्यासाठी ॲप लिहू शकतो. ही प्लॅटफॉर्मचीच लक्षणं आहेत. टच नाही, एवढाच फरक. खुद्द कंपनी त्याला "स्मार्ट फीचर फोन" म्हणते. तोच शब्द भाषणात वापरायचा आणि तो का, हे एका वाक्यात सांगायचं.

१० जानेवारी, शनिवार

आजचा पूर्ण दिवस इतिहासात गेला. मला वाटलं होतं हे जिओचंच काहीतरी असेल. तसं नाही. मूळ निघालं फायरफॉक्समध्ये.

जुलै २०११ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या आंद्रेआस गाल यांनी "बूट टू गेको" हा प्रकल्प जाहीर केला. गेको म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरचं इंजिन, वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग. कल्पना अशी की फोन सुरू झाला की थेट ब्राउझरचं इंजिनच सुरू व्हावं आणि डायलर, संपर्क, कॅमेरा हे सगळं वेबपानांसारखं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असावं. त्याचंच पुढे फायरफॉक्स ओएस झालं. जुलै २०१३ मध्ये स्पेनमध्ये झेडटीई ओपन नावाचा फोन विक्रीला आला.

भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने क्लाउड एफएक्स आणला, किंमत १,९९९ रुपये. रॅम १२८ एमबी! आकडा दोनदा तपासला, बरोबर आहे. टचस्क्रीनचा फोन आणि रॅम १२८ एमबी. अँड्रॉइडशी स्पर्धा करायला तो निघाला आणि टिकला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने मोबाइल कंपन्यांमार्फत हे फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१६ मध्ये कामच बंद केलं.

मला सगळ्यात जास्त भावलं ते याच्या पुढचं. कोड खुला होता, म्हणून प्रकल्प बंद झाला तरी कोड उरला. कायओएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो उचलला आणि त्यातून टचच काढून टाकला. सगळं बटणांवर चालेल असं केलं. मोठ्या फोनांच्या मागे धावण्याऐवजी ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्याकडे वळले. २०१७ मध्ये जिओफोन आला आणि हे सॉफ्टवेअर कोट्यवधी हातांत गेलं. २०१८ मध्ये तर भारतातल्या मोबाइल वापराच्या एका मोजणीत कायओएस आयफोनच्या प्रणालीपेक्षा पुढे होतं.

म्हणजे मॅडमच्या "फारसा माहीत नसलेला" या शब्दांचा अर्थ इथे वेगळाच लागतो. फोन सगळ्यांनी बघितलाय, नाव कुणाला ठाऊक नाही. भाषणात हेच सांगायचं. बाकीची माहिती याच्या आधाराने येईल.

१३ जानेवारी, मंगळवार

यात्रेची सुट्टी. होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे यात्रेतल्या जत्रेची, गर्दी सुरू आहे. तिकडे जायच्या आधी नवी पेठेतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. आजीच्या फोनचं मधलं बटण नीट दाबलं जात नाही, ते दाखवायचं होतं आणि काही विचारायचंही होतं.

दुकानदार काकांनी फोन उघडला. टेबलावरच्या एका डब्यात नुसती कीपॅडची रबरं होती. म्हणाले, या फोनात पहिल्यांदा मधलं बटणच जातं, कारण सगळा फोन त्याच्यावरच चालतो. "टचच्या फोनात काच फुटते, याच्यात हे झिजतं." पडदा मात्र क्वचितच बदलावा लागतो म्हणे.

मी विचारलं, यात सॉफ्टवेअर कुठलं? त्यांना नाव माहीत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला नेटवर खूप खाली सापडली होती: या फोनात दोन जातींचे बोर्ड येतात, क्वालकॉमचा आणि स्प्रेडट्रमचा. फोन अडकला की सॉफ्टवेअर मारावं, म्हणजे नव्याने घालावं लागतं, आणि मारण्याआधी बोर्ड कुठला ते बघायचं, नाहीतर फोन कायमचा बंद पडतो. म्हणजे ज्या माणसाने हे सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने शेकडो वेळा घातलंय त्यालाही त्याचं नाव माहीत नाही. यात त्यांची काही चूक नाही, फोनने ते नाव कधी ठळक दाखवलंच नाही.

बटण बदलून मिळालं. आजीसाठी गड्ड्यातून चिवडा घेतला.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज सगळ्यात अवघड भाग: आतली रचना कशी सांगायची.

मूळ फायरफॉक्स ओएसचे तीन थर होते आणि कायओएसचा पायाही तोच. खाली गॉन्क: लिनक्सचा गाभा आणि हार्डवेअरशी बोलणारा भाग. मध्ये गेको: इंजिन. वर गाया: आपल्याला दिसणारा पडदा, मेनू, ॲप. तिन्ही नावं ग वरून, त्यामुळे ऐकणारा तिसऱ्या नावाला हरवतो. पहिल्या मसुद्यात मी तीन चौकोन काढले होते. भावाला दाखवले, तो म्हणाला, "बरं." म्हणजे कळलं नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगत होते. बाबा अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात चादरीच्या मागावर आहेत. ते म्हणाले, "मग हे आमच्या जकार्डसारखंच की." मी भाकरी हातात धरून तशीच बसले. खरंच आहे! खाली माग आणि मोटर. मध्ये जकार्ड, जे पत्त्याची, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डाची, भोकं वाचून कुठला ताणा (उभा धागा) उचलायचा ते ठरवतं. वर पत्ते, ज्यांच्यावर नक्षी आहे. मोराऐवजी फुलं हवी असतील तर माग बदलत नाहीत, जकार्डही बदलत नाहीत, नुसते पत्ते बदलतात. कायओएसचं ॲप म्हणजे पत्त्यांचा जुडगा. गेको ते वाचतं. खालच्या यंत्राला कोण काय विणतंय याच्याशी देणंघेणं नाही.

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी मागावर, शिलाईत नाहीतर कांडीवर आहे. त्यांना चौकोन लागणार नाहीत. बाबांनी कारखान्यातून जुन्या पत्त्यांचे दोन तुकडे आणून देतो म्हटलंय.

१८ जानेवारी, रविवार

प्रात्यक्षिक तयार केलं. बटणाचा फोन प्रोजेक्टरला जोडता येत नाही आणि मागच्या बाकावरून सव्वादोन-अडीच इंचांचा पडदा दिसणार नाही. म्हणून लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये पानाची मापं २४० बाय ३२० केली. कायओएसच्या बहुतेक फोनांचा पडदा एवढाच असतो. त्यात एक छोटं पान लिहिलं: आमच्या वर्गाचं वेळापत्रक.

लिहिताना जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं. माउस नाही, बोट नाही. मग वापरणारा या क्षणी कुठल्या ओळीवर आहे हे पानाने सतत दाखवलं पाहिजे. बाण दाबला की रंग पुढच्या ओळीवर गेला पाहिजे आणि आधीच्या ओळीवरून उतरला पाहिजे. तळाशी तीन शब्द ठेवायचे: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. त्या शब्दांच्या बरोबर खाली फोनची तीन बटणं असतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यांना सॉफ्टलेफ्ट, एंटर, सॉफ्टराइट अशी नावं आहेत. लॅपटॉपवर त्यांच्या जागी मी एफ१, एंटर आणि एफ२ धरले.

आधी मी एका पानावर पूर्ण आठवडा दाखवला होता. शनिवारपर्यंत जायला बाण किती वेळा दाबावा लागतो ते मोजत बसले आणि मध्येच पान मोडून टाकलं. आता उघडलं की आजचाच दिवस येतो, डाव्या-उजव्या बाणाने दिवस बदलतो. दर बटणामागे एका माणसाच्या अंगठ्याचे कष्ट आहेत, हे मला आज दुपारी कळलं. पुढे कधी मी टचच्या फोनसाठी ॲप केलं तरी हे मी विसरणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

पहिली तालीम, घरी, मोबाइलवर वेळ लावून. ११ मिनिटं ४० सेकंद. ऐकायला आजी आणि शेजारच्या अक्का. अक्का विड्या वळतात, घरी तेलुगू बोलतात, त्यांच्याकडेही हाच फोन आहे आणि त्यातले मेनू तेलुगूत आहेत. फोनला भारतातल्या २२ भाषा येतात हे मी आकड्यात सांगत होते. अक्कांनी फोन पुढे केला, आजीनेही केला. एकाच ओट्यावर एकच मेनू, एक मराठीत, एक तेलुगूत. मैत्रिणीच्या आईचा फोन कन्नडमध्ये आहे म्हणे. सोलापूरच्या वर्गात २२ हा आकडा सांगायची गरजच नाही, हे तीन फोन शेजारी शेजारी ठेवायचे.

अक्कांनी आणखी एक सांगितलं. मुलाने त्यांना टचचा फोन घेऊन दिला होता. "बोट लावलं तर लागतच नाही, दोनदा-तीनदा लावावं लागतं." टचची काच बोटातल्या विजेच्या किंचित वाहकतेवर चालते. कातडी कोरडी आणि घट्टे पडलेली असली की काचेला बोट नीट कळत नाही. वर्षानुवर्षं पान कापून तंबाखू वळणाऱ्या बोटांचं तेच होणार. मी आतापर्यंत समजत होते की वयस्कर माणसांना टच "जमत" नाही. आज अक्कांची बोटं हातात घेऊन बघितली.

काटछाट: आफ्रिकेत ऑरेंज कंपनीने २०१९ मध्ये साधारण २० डॉलरचा सान्झा फोन आणला तो भाग एका वाक्यावर आणला. योलाचा उल्लेख काढला. नोकियाचा केळ्यासारखा पिवळा ८११० हा २०१८ चा फोन फार आवडता होता, तोही काढला.

२२ जानेवारी, गुरुवार

मॅडमना मसुदा दाखवला. त्यांनी तीन वाक्यांखाली लाल रेघ मारली. "हा फोन म्हणजे सामान्य माणसाचा खरा सोबती आहे." "प्रत्येक घरात असा एक फोन असायलाच हवा." तिसरं तर इथे लिहीतही नाही. म्हणाल्या, "तुला हा फोन आवडायला लागलाय, ते चांगलंय. पण ऐकणाऱ्याला त्याची उणी बाजू कुठे दिली आहेस?"

खरं होतं. मी उणं काही ठेवलंच नव्हतं. ते मला माहीत होतं आणि मी मुद्दाम टाळलं होतं. आज ते लिहिलं:

कायओएस २.५ ज्या गेकोवर चालतं ते ४८ क्रमांकाचं, २०१६ मधलं आहे. वेब त्यानंतर खूप पुढे गेलं. त्यामुळे आजच्या अनेक साइट त्यात अर्धवट उघडतात. मार्च २०२० मध्ये मोझिलाशी पुन्हा हातमिळवणी झाली, नवं इंजिन आलं, कायओएस ३.० मध्ये गेको ८४ आहे. पण जुन्या फोनांत ते आपोआप येत नाही.

दुसरं, ॲप. गूगलने जून २०१८ मध्ये या कंपनीत २.२ कोटी डॉलर गुंतवले; असिस्टंट, मॅप्स, यूट्यूब ही गूगलची ॲपही या फोनांवर आली. सप्टेंबर २०१८ मध्ये जिओफोनवर व्हॉट्सॲप आलं, पुढच्या वर्षी कायओएसच्या इतर फोनांवरही. आणि जून २०२४ पासून ते कायओएसच्या दुकानातून नव्याने उतरवता येईना, २०२५ च्या सुरुवातीला आधारही संपला. फोन तोच राहतो, बॅटरी चालते, बटणं चालतात, पण त्यावरून होणारी एखादी गोष्ट कमी होते. प्लॅटफॉर्म लहान असला की त्याच्यासाठी ॲप चालू ठेवायचं की नाही हे दुसरीकडे ठरतं. हे मला पूर्ण एक मिनिट सांगायचं आहे. त्यासाठी गूगलच्या गुंतवणुकीचा आकडा काढावा लागला तरी चालेल.

नवी वेळ: ७ मिनिटं ५० सेकंद.

२५ जानेवारी, रविवार

चौथी तालीम, ६:५५. आता कागद नाही, पाच पुठ्ठ्याची कार्डं. प्रत्येकावर चारच शब्द. तिसऱ्या कार्डावर फक्त "बाबांचे पत्ते".

पाचचं बटण दाबून धरलं की संकटात मदतीचा संदेश जातो, हे आजीला आज समजावून सांगितलं. तिने खरंच दाबून बघायच्या आधी तिचा हात धरला.

२७ जानेवारी, मंगळवार

भाषण झालं.

आजीचा फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा फोन कुणी कुणी बघितलाय?" जवळपास सगळे हात वर. "याच्यात कुठलं सॉफ्टवेअर आहे?" कुणीतरी म्हणालं, "जावा." एकजण, "काहीच नाही, साधा आहे." मी फळ्यावर लिहिलं: काय. वर्ग थांबला. मग पुढे "ओएस" लिहिलं.

पत्त्यांचे तुकडे बाकांवरून फिरवले. मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याचं घर यंत्रमागाचं आहे, पत्ता उजेडाकडे धरून शेजाऱ्याला भोकं कशी वाचायची ते दाखवायला सुरुवात केली. मी थांबून राहिले, त्याचं ऐकू दिलं. त्यात पंधरा सेकंद गेले असतील, पण गॉन्क, गेको, गाया हे नंतर मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तीन भाषांतले तीन फोन शेजारी ठेवले. वेळापत्रकाचं पान प्रोजेक्टरवर बाणांनी चालवलं. अक्कांच्या बोटांचं सांगताना माझा आवाज थोडा हलला. व्हॉट्सॲपचा भाग सांगितल्यावर कुणी काही बोललं नाही. दोघींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वेळ ७ मिनिटं १५ सेकंद.

प्रश्न दोन आले. पहिला: यात अँड्रॉइड टाकता येईल का? सांगितलं की ५१२ एमबी रॅम, टच नाही, आणि आजची अँड्रॉइड ॲप बोटासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे ते घातलं तरी उपयोगाचं होणार नाही. दुसरा चांगला होता: अशा फोनवरून पैसे पाठवता येतात का? यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच बटणांच्या फोनांसाठी सुरू केली, तिच्यात नंबर लावून इंटरनेटशिवायही पैसे पाठवता येतात, एवढं सांगता आलं. या प्रश्नाची तयारी केली नव्हती, ते अक्कांच्या मुलाकडून कळलेलं कामी आलं.

घरी येऊन वही उघडली आणि एक चूक सापडली. मी वर्गात म्हटलं होतं की जिओफोन ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झाला. तो जाहीर झाला २१ जुलै २०१७ ला, रिलायन्सच्या वार्षिक सभेत. ऑगस्टमध्ये चाचणी आणि नोंदणी सुरू झाली. दीड हजार रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीचं मी ऑगस्टच्या संदर्भात वाचलं होतं, तिथे दोन तारखा एकमेकींत मिसळल्या.

मैत्रीण म्हणते, कुणाच्या लक्षातही राहणार नाही. पण दोघींनी लिहून घेतलंय, हे मी बघितलंय.

२८ जानेवारी, बुधवार

तास सुरू व्हायच्या आधी मॅडमकडे दोन मिनिटं मागितली. त्यांनी दिली. फळ्यावर २१ जुलै २०१७ लिहिलं, ऑगस्टमध्ये नेमकं काय झालं ते त्याच्याखाली लिहिलं आणि जागेवर जाऊन बसले. लिहून घेणाऱ्या दोघींपैकी एकीने वहीत खोडून नवी तारीख घातली.

पत्त्यांचे तुकडे बाबांना परत दिले. एक मागच्या बाकावरच्याने मागितला होता, तो त्याच्याकडेच राहिला. आजीला फोन दिला तेव्हा तिने पहिल्यांदा मधलं बटण दाबून बघितलं, मग भजन लावलं.